विसरलेली विद्या पुन्हा शिकताना : कागद कापणारे यंत्र आणि थरचित्र

प्राथमिक शाळेतील कातरकाम आणि चिकटकाम हे विषय शिक्षक-बंधुभगिनींस नवे नाहीत. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या परिषदेपासून शिक्षणात हाताच्या कामाला मानाचे स्थान मिळाले. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली आणि कात्री, डिंक व घोटीव कागद ही शाळेची नित्याची सामग्री ठरली. अलीकडे या सामग्रीत एका विद्युत्-यंत्राची भर पडली आहे. संगणकावर काढलेल्या आकृतीप्रमाणे ते कागद आपोआप कापून देते. काही केंद्रांत असे यंत्र लोकवर्गणीतून अथवा देणगीतून आले, थोडे दिवस वापरले गेले आणि मग कपाटात गेले. ज्यांनी ते शिकून घेतले होते त्यांची बदली झाली, किंवा ते तेथेच राहिले परंतु शिकलेले विसरले.

प्रस्तुत लेखक या दुसऱ्या वर्गातील आहे. यंत्र पुन्हा शिकताना मला जे कळले ते दोन कारणांसाठी येथे मांडीत आहे. पहिले कारण असे की, त्यामुळे कपाटातील यंत्रे बाहेर यावीत. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. पुन्हा शिकणे ही गोष्ट मुळात काय आहे, हे आपण शिक्षकांनी नीट समजून घेतलेले नाही, आणि त्याचे मोल आपल्या वर्गातील काही मुले दरवर्षी देत असतात.

यंत्राची ओळख

छापखान्यात ज्यास डाय-पंचिंग म्हणतात त्या कामात धारदार पोलादी पट्टीचा साचा बनवितात आणि तो कागदावर दाबून एकाच आकाराचे शेकडो तुकडे पाडतात. लग्नपत्रिका, खोकी, पाकिटे अशा रीतीने कापली जातात. या पद्धतीत प्रत्येक आकारासाठी स्वतंत्र साचा लागतो. आपल्या विद्युत्-यंत्रास इंग्रजीत डाय-कटिंगचेच नाव असले, तरी त्यात साचा मुळीच नसतो. त्यात एक बारीक पाते असते, आणि ते पेन्सिलीप्रमाणे रेषेवरून फिरून कागद कापते. ‘क्रिकट’ नावाचे घरगुती यंत्र २००६ साली अमेरिकेत निघाले, तेव्हा आकृत्यांच्या प्रत्येक संचासाठी वेगळे कार्ट्रिज लावावे लागे. पुढे संगणकाशी जोडलेली यंत्रे आली आणि आपण स्वतः काढलेली कोणतीही आकृती कापणे शक्य झाले.

यंत्राची रचना साधी आहे. कागद एका चिकट प्लॅस्टिकच्या पाटावर, म्हणजे मॅटवर बसवितात. बहुधा हा पाट १२ इंच लांब व १२ इंच रुंद असतो. दोन रूळ त्या पाटास पुढे-मागे सरकवितात आणि पात्याची बैठक डावी-उजवीकडे सरकते. या दोन गतींचा मेळ बसला की कोणतीही वक्र रेषा कापता येते. शिवणयंत्रात कापड सरकते आणि सुई एका जागी राहते. येथे कागद आणि पाते दोन्ही सरकतात, एवढाच भेद ध्यानात ठेवावा.

पात्याविषयी एक गोष्ट विशेष समजून घ्यावी. पात्याचे टोक त्याच्या दांडीच्या बरोबर मध्यावर नसते, किंचित बाजूस असते. खुर्चीच्या पायाखालची फिरती चाके आपण पाहिली असतील. खुर्ची ज्या दिशेस ओढावी त्या दिशेस चाक आपोआप वळते. पातेही तसेच आपल्या बैठकीत मोकळे फिरत असते आणि ज्या दिशेस ओढले जाईल तिकडे वळते. कागदाचा एखादा तंतू त्या बैठकीत अडकला की पाते वळेनासे होते. मग सरळ रेषा चांगल्या कापल्या जातात, परंतु कोपरे फाटतात. हे कारण मला ठाऊक होते. मी ते विसरलो होतो.

संगणकावरील आकृतीचेही दोन प्रकार असतात. छायाचित्र हे रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते. त्यात पात्याने चालावी अशी रेषा नसते. दुसऱ्या प्रकारात आकृती बिंदू व रेषा यांच्या रूपाने नोंदलेली असते. अशा फाइलीच्या एका प्रकारास एसव्हीजी म्हणतात. यंत्रास हा दुसरा प्रकार लागतो. ‘इंकस्केप’ या विनामूल्य प्रणालीत छायाचित्रावरून किंवा मुलाने काढलेल्या चित्रावरून अशी रेषाकृती काढता येते. मात्र मूळ चित्र ठळक व स्वच्छ रेषांचे असावे. पुसट पेन्सिलीच्या चित्रातून शेकडो निरर्थक तुकडे निघतात आणि यंत्र ते सर्व इमानाने कापीत बसते.

एका प्रात्यक्षिकाची हकिगत

मी हे यंत्र २०१८ साली शिकलो. त्या वेळी मला २१ संध्याकाळी लागल्या, कारण शिकविणारे कोणी नव्हते. नंतर एक वर्ष ते बऱ्यापैकी वापरले. पुढे कामाचा व्याप बदलला, त्यानंतर २०२० मध्ये शाळाच बंद पडल्या, आणि यंत्र खोक्यात राहिले. मार्च २०२४ मध्ये एका केंद्रशाळेत शिक्षण परिषद होती. तेथे थरचित्राचे प्रात्यक्षिक दाखवावे असे मी स्वतःहून सुचविले. पूर्वतयारी केली नाही. एकदा आलेली विद्या कोठे जाते, असा माझा समज होता.

चाळीसएक शिक्षक समोर बसले होते आणि खिडकीतून मुले डोकावत होती. मी कागद पाटावर बसविला आणि यंत्र सुरू केले. पाटाचा चिकटपणा धुळीने गेलेला होता, त्यामुळे निम्म्यातच कागद सरकला. दुसरा कागद घेतला. तो सरकला नाही, पण डोंगराच्या रेषेचा प्रत्येक कोपरा फाटला. मी दाब वाढविला, वेग कमी केला, पाते अधिक बाहेर काढले, आणि हे सर्व एकाच वेळी केले. तिसरा कागद पाटासकट कापला गेला. मी शिक्षकांची क्षमा मागितली व यंत्र बंद केले.

तेव्हा खिडकीतील एका मुलाने तो फाटका कागद उचलून पाहिला आणि सहज म्हटले, “गुरुजी, कोयत्याला धार नसली की ऊस असाच पिंजतो.”

तो मुलगा चौथीतील होता. आईवडिलांबरोबर ऊसतोडीस गेला होता व आदल्याच आठवड्यात गावी परतला होता. त्याच दिवशी सकाळी मी त्याच्या वर्गाची तपासणी केली होती. त्यास तिसरीच्या पुस्तकातील एक परिच्छेद वाचता आला नाही, जोडाक्षरे येताच तो थांबत होता. मी शाळेच्या शेरेबुकात लिहिले होते : ‘वाचन नाही. पहिलीपासून आरंभ करावा.’ दुपारी माझीच परीक्षा झाली. हाच न्याय मला लावला असता, तर माझ्याविषयीही ‘यंत्रज्ञान नाही, पहिल्यापासून आरंभ करावा’ असा शेरा पडला असता. तो शेरा बरोबर ठरला असता काय, हे पाहण्याचे मी ठरविले.

विस्मरणाविषयी शास्त्र काय सांगते

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस याने स्मरणाविषयीचे आपले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. त्याने हे प्रयोग स्वतःवरच केले. पूर्वीच्या ज्ञानाची मदत होऊ नये म्हणून तो निरर्थक अवयवांच्या माळा पाठ करी, काही काळ जाऊ देई आणि मग त्याच माळा पुन्हा पाठ करण्यास किती वेळ लागतो ते मोजी. पहिल्या वेळी १०० सेकंद लागले आणि दुसऱ्या वेळी ६० लागले, तर ४० सेकंदांची म्हणजे ४० टक्क्यांची बचत झाली, असे तो मांडी.

या मोजणीतून दोन गोष्टी दिसल्या. विस्मरण आरंभी फार वेगाने होते आणि पुढे मंदावते. एका दिवसानंतर त्याची बचत सुमारे ३४ टक्के उरली होती, तर एका महिन्यानंतर सुमारे २१ टक्के. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. माळ तोंडी म्हणता येत नसली तरी ती पुन्हा शिकण्यास कमी वेळ लागे. म्हणजे आठवत नाही याचा अर्थ काहीच उरले नाही असा होत नाही. २०१५ साली ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा त्यांस बहुतांशी तसाच आलेख मिळाला.

हाताच्या कौशल्याबाबत आणखी एक भेद आढळतो. सायकल चालविणे, पोहणे यांसारखी अखंड गतीची कौशल्ये दीर्घकाळ टिकतात. परंतु ज्या कामात आधी हे, मग ते, अशा सुट्या पायऱ्यांचा क्रम सांभाळावयाचा असतो, तो क्रम लवकर विसरला जातो. माझा अनुभव याच्याशी जुळला. कागद हाती घेताच त्याची जाडी मला बोटांनी कळत होती. डिंक किती घ्यावा हे हात विसरला नव्हता. पाटावर कागद बसविण्यापूर्वी कोणते बटण दाबावयाचे, ते मात्र आठवत नव्हते.

यात आणखी एक अडचण होती. मधल्या काळात यंत्राची संगणकप्रणाली बदलली होती आणि जुन्या आज्ञा नव्या ठिकाणी गेल्या होत्या. जे मी विसरलो होतो त्याचा त्रास कमी झाला. जे चुकीचे आठवत होते त्याचा त्रास अधिक झाला.

पुन्हा शिकण्याचा क्रम

एप्रिल महिन्यात मी नऊ संध्याकाळी यंत्रासाठी दिल्या. त्या सलग घेतल्या नाहीत, मध्ये एक-दोन दिवसांचे अंतर ठेविले. शिक्षकांस उपयोगी पडेल म्हणून क्रम देतो.

पहिल्या संध्याकाळी यंत्र सुरूच केले नाही आणि माहितीपुस्तिकाही उघडली नाही. कोऱ्या पानावर जे आठवेल ते क्रमाने लिहिले. नंतर पुस्तिकेशी ताडून पाहिले. अकरा पायऱ्यांपैकी मला सहा आठवल्या, त्यांपैकी दोहोंचा क्रम उलटा होता. म्हणजे मला पाच पायऱ्या शिकावयाच्या होत्या आणि दोन दुरुस्त करावयाच्या होत्या. संपूर्ण यंत्र शिकावयाचे नव्हते. या एका पानाने माझी निम्मी भीती गेली.

दुसऱ्या संध्याकाळी केवळ स्वच्छता केली. चिकट पाट कोमट पाण्याने व सौम्य साबणाने हलक्या हाताने धुतला आणि सावलीत वाळविला. चिकटपणा बराच परत आला. पात्याची बैठक उघडून पाहिली, तेव्हा आत कागदाच्या तंतूंचा बारीक गोळा निघाला. कोपरे फाटण्याचे खरे कारण ते होते. दाब व वेग यांचा काही दोष नव्हता. पात्याची धारही बोथट झाली होती. त्या मुलाचे निदान चुकले नव्हते.

तिसऱ्या व चौथ्या संध्याकाळी चाचणी-काप घेतले. कागदाच्या कोपऱ्यात २ सेंटिमीटरचा चौकोन व त्यात एक त्रिकोण कापावा. चौकोन अलगद सुटला, त्रिकोणाचे कोपरे स्वच्छ निघाले आणि पाटावर खोल ओरखडा उमटला नाही, तर मांडणी योग्य समजावी. कागद न सुटल्यास दाब एक पायरी वाढवून पुन्हा पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम मी या वेळी पाळला. प्रात्यक्षिकात तीन गोष्टी एकदम बदलल्यामुळे कोणत्या बदलाने काय झाले हे कळण्याचा मार्गच मी बंद केला होता. साध्या ८० जी.एस.एम. कागदाची मांडणी आणि १८० ते २२० जी.एस.एम. कार्डशीटची मांडणी वेगवेगळी असते. जी मांडणी जमली ती वहीत लिहून ठेवावी.

पाचव्या संध्याकाळी डोंगराची एकच रेषा कापली. सहावीत अक्षरे, सातवी-आठवीत चित्राचे थर, आणि नववीत जोडणी केली. प्रत्येक संध्याकाळी आरंभीची पाच मिनिटे आदल्या वेळचा क्रम न पाहता लिहिण्यासाठी ठेविली होती. चौथ्या वेळेपासून तो बिनचूक येऊ लागला.

प्रथम शिकताना २१ संध्याकाळी, पुन्हा शिकताना ९. बचत १२ संध्याकाळींची, म्हणजे सुमारे ५७ टक्के. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. तथापि ज्या मनुष्यास मार्चमध्ये एक कागद धड कापता आला नाही, त्याच्याजवळ निम्म्याहून अधिक भांडवल शिल्लक होते, एवढे यावरून दिसते.

थरचित्राची रचना

थरचित्र म्हणजे एकाच चित्राचे निरनिराळे भाग स्वतंत्र कागदांवर कापून, त्यांमध्ये थोडे अंतर ठेवून एकावर एक बसविलेले चित्र. मथुरा-वृंदावनाकडील सांझी कलेत कागदाचे नाजूक साचे कापतात, आणि रंगीत सांझीसाठी प्रत्येक रंगाचा साचा वेगळा असतो. चित्राचे थर पाडण्याची ही विचारसरणी आपल्याकडे जुनीच आहे.

मी नमुन्यास कळसूबाईचे चित्र घेतले. १,६४६ मीटर उंचीचे हे आपल्या राज्यातील सर्वांत उंच शिखर अकोले तालुक्यात आहे, आणि त्याची बाह्यरेषा मुलांस सहज काढता येते. थर पाच केले. पहिला थर आकाश, हा अखंड कागद असतो. दुसरा दूरची डोंगररांग, तिसरा कळसूबाईचे शिखर, चौथा अलीकडील झाडीची सोंड, पाचवा भातखाचरे, एक झाड व एक घर. रंग मागून पुढे फिक्याकडून गडदाकडे जावेत. दूरचा डोंगर फिका व निळसर का दिसतो, हे मुलांस येथेच सांगावे. डोंगर आणि आपला डोळा यांच्यामध्ये जितकी अधिक हवा, तितका हवेने विखुरलेला प्रकाश त्यात अधिक मिसळतो.

रचना करताना तीन नियम सांभाळावेत.

पहिला नियम : प्रत्येक थर एकसंध असावा. झाडाची फांदी खोडापासून सुटली किंवा पक्षी आकाशात एकटा राहिला, तर तो तुकडा गळून पडतो. त्यास कोठे तरी पूल द्यावा, अथवा तो मागून वेगळा चिकटवावा.

दुसरा नियम : सर्व थरांची रुंदी व तळरेषा समान असावी आणि केवळ वरची रेषा बदलावी. मग जोडताना कडा आपोआप जुळतात. दोन खालच्या कोपऱ्यांत बारीक छिद्रे ठेवून त्यांत टाचण्या उभ्या केल्यास थर तसूभरही सरकत नाहीत.

तिसरा नियम : मागच्या थराची उंची पुढच्या थराहून इतकी अधिक असावी की ती निश्चित दिसेल. अंतर फार थोडे ठेवल्यास सावली पडते, पण डोंगर दिसत नाही.

दोन थरांमध्ये २ ते ३ मिलिमीटर जाडीच्या फोमचे तुकडे दुहेरी चिकटपट्टीने लावतात. फोम नसल्यास जुन्या खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याचे तुकडे उत्तम काम देतात. ते पुढून दिसणार नाहीत असे, कडेपासून थोडे आत ठेवावेत. चित्र भिंतीवर लावल्यानंतर खिडकीचा उजेड एका बाजूने आला की प्रत्येक डोंगराची सावली मागच्या डोंगरावर पडते. मुले तेथे हात लावून पाहतात. लावू द्यावा.

कापलेला कागद पाटावरून काढताना कागद ओढू नये. पाट पालथा करावा, कागद टेबलावर राहील असे धरावे आणि पाटच हळूहळू वाकवीत मागे सोलावा. कागद ओढला की त्याची गुंडाळी होते व तो पुन्हा सपाट होत नाही. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि त्याचे तंतू तुटण्याऐवजी ओढले जातात. म्हणून जून ते सप्टेंबर कागद पत्र्याच्या पेटीत ठेवावा.

देवनागरी अक्षरे कापताना

चित्राखाली नाव कापण्याची हौस सर्वांस असते. येथे देवनागरीची सोय व अडचण दोन्ही आहेत. सोय अशी की, शिरोरेषेमुळे संपूर्ण शब्द एका तुकड्यात राहतो. रोमन लिपीची अक्षरे सुटी सुटी पडतात, तसे होत नाही. अडचण अशी की, अनुस्वाराचे टिंब सुटे होते. ते हाताने चिकटवावे, किंवा आकृतीतच बारीक दांडीने शिरोरेषेस जोडावे.

आणखी एक गोष्ट. संगणक प्रत्येक अक्षराची आकृती वेगळी समजतो व त्यांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. त्या एकजीव करण्याची आज्ञा न दिल्यास यंत्र प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी कापते. माझ्या पहिल्या पट्टीत ‘शाळा’ शब्दाची दोन अक्षरे मध्येच चिरली जाऊन वेगळी झाली. याउलट साचा कापावयाचा असेल, म्हणजे अक्षर पोकळ ठेवून रंग भरावयाचा असेल, तर ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातील कागद गळून पडतो. तेथे पूल द्यावा लागतो. कोणत्या अक्षरास किती पूल लागतील हे शोधण्याचे काम तिसरी-चौथीच्या मुलांस द्यावे. अक्षराकडे इतके बारकाईने पाहण्याचा प्रसंग सुलेखनातही क्वचितच येतो.

भूगोलाचा एक पाठ

हीच रीत समोच्च रेषा शिकविण्यास फार उपयोगी पडते. नकाशावरील समोच्च रेषा म्हणजे समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा, ही व्याख्या मुले पाठ करतात. परंतु त्या वेटोळ्यांतून डोंगर उभा राहत नाही. कळसूबाईच्या परिसराच्या नकाशावरून ८००, १०००, १२००, १४०० व १६०० मीटरच्या रेषा वेगवेगळ्या कागदांवर घ्याव्यात आणि प्रत्येक रेषेच्या आतील भाग कापावा. खाली एक अखंड कागद ठेवून हे पाच तुकडे क्रमाने एकावर एक बसवावेत.

येथे प्रमाणाचे गणितही साधते. नकाशा १ : ५०,००० प्रमाणाचा असेल तर १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. दोन रेषांतील उंची २०० मीटर आहे, म्हणून प्रत्येक थर ४ मिलिमीटर उचलला की आडवे व उभे प्रमाण समान होते. जेथे थरांच्या कडा जवळजवळ येतात तेथे चढ तीव्र आहे, हे मुलाच्या बोटास व्याख्येपूर्वीच कळते. दृष्टिबाधित विद्यार्थी वर्गात असल्यास त्याच्यासाठी हा नकाशा खराखुरा नकाशा ठरतो.

काही दक्षता

यंत्र चालू असताना मुलांनी रुळांजवळ हात नेऊ नये आणि पाते बदलण्याचे काम शिक्षकानेच करावे. वीज मध्येच गेल्यास अर्धवट काप पुढे चालू करणे बहुधा शक्य होत नाही. म्हणून मोठे चित्र इन्व्हर्टरवर अथवा विजेची खात्री असताना कापावे.

ज्या शाळेजवळ यंत्र नाही तिने खंत करू नये. थर पाडणे, रंगक्रम ठरविणे, पूल देणे, ही सारी विचाराची कामे कात्रीनेही होतात. पहिली-दुसरीच्या मुलांनी बोथट टोकाच्या कात्रीने किंवा कागद नुसता फाडून तीन थरांचे डोंगर करावेत. फाडलेल्या कडेचा डोंगर कित्येकदा अधिक खरा दिसतो. यंत्र असलेल्या केंद्राने कठीण थर कापून शाळांस द्यावेत. चित्र मात्र मुलाचेच असावे. तयार आकृती उतरवून तयार तुकडे जोडण्यास कार्यानुभव म्हणता येणार नाही.

शेऱ्याची दुरुस्ती

एप्रिलच्या अखेरीस मी त्या केंद्रशाळेत पुन्हा गेलो. त्यापूर्वी वर्गशिक्षकांस विनंती केली होती की, त्या मुलास पहिलीच्या रांगेत बसवू नये. त्याला दुसरीचे जुने पुस्तक द्यावे, रोज वीस मिनिटे आठ दिवस वाचू द्यावे, आणि जेथे तो थांबेल तेवढेच लिहून ठेवावे. शिक्षकांनी वही दाखविली. पहिल्या दिवशी थांबलेल्या जागा एक पानभर होत्या, आठव्या दिवशी चार. त्या चारही जागी ‘र’ची जोडाक्षरे होती. त्याला वाचन येत नव्हते असे नाही. त्याच्या पात्याच्या बैठकीत थोडे तंतू अडकले होते.

मग मी त्याला चौथीच्या पुस्तकातून एक परिच्छेद वाचावयास दिला. तो सावकाश पण पूर्ण वाचला. नंतर आम्ही दोघांनी मिळून चित्राचा पाचवा थर कापला. पाट उलटा करून सोलण्याचे काम त्याने माझ्याहून अधिक चांगले केले. शेरेबुकातील माझा मार्चचा शेरा मी खोडला नाही, कारण दप्तरात खाडाखोड करू नये. त्याखाली नवा शेरा लिहिला : ‘वरील शेरा घाईचा होता. वाचन आहे. जोडाक्षरांचा सराव द्यावा.’

ऊसतोडीचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात बाहेर गेलेली मुले परत येतात तेव्हा आपण त्यांस पहिला धडा देतो, आणि तो त्यांस अपमानासारखा वाटतो. मोठ्या आजारातून उठलेले मूल, शाळा बदललेले मूल आणि दीर्घ सुटीनंतर जूनमध्ये येणारा संपूर्ण वर्ग यांचीही स्थिती थोड्याफार फरकाने हीच असते. म्हणून माझी शिक्षक-बंधुभगिनींस विनंती आहे. परतलेल्या मुलापुढे प्रथम पुस्तक ठेवू नये, कोरे पान ठेवावे. जे आठवते ते त्यास लिहू द्यावे, बोलू द्यावे. मग काय गेले आहे, काय उलटे झाले आहे आणि काय शाबूत आहे, याच्या तीन याद्या कराव्यात. शिकवावयाचे ते पहिल्या दोन याद्यांतूनच. तिसरी यादी त्या मुलास दाखवावी, म्हणजे आपल्याजवळ किती शिल्लक आहे हे त्यास कळेल.

यंत्र ज्यांच्या कपाटात आहे त्यांनी या सुटीत ते बाहेर काढावे. आरंभ पाट धुण्यापासून करावा.